'चावी'तला च कुठून आला? लॅटिन 'क्लाविस' आणि त्याची भावंडे

उंबरठा (धागाकर्ता)

'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पगार, पाव, फीत, बिजागरी यांच्या यादीत तो हटकून असतो, आणि यादी संपली की विषयही संपतो. पण आज लिस्बनमध्ये कोणाकडे चावी मागितली, तर तिथला माणूस जो शब्द उच्चारतो त्यात च नसतोच. तो 'शाव्' असे काहीसे म्हणतो आणि शेवटचा स्वर जवळजवळ गिळून टाकतो. ब्राझीलमध्ये तोच शब्द 'शावी' असा ऐकू येतो. मग शब्द त्यांचा आणि च मात्र आपल्याकडे, हे झाले कसे? उत्तर शोधायला थेट लॅटिनपासून निघावे लागते आणि वाटेत इटली, फ्रान्स, स्पेन आणि रोमानियातही थांबावे लागते.

मूळ लॅटिन शब्द 'क्लाविस'. रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांतली नामे बहुधा लॅटिनच्या द्वितीयेच्या रूपावरून आली आहेत, म्हणून सुरुवात 'क्लावेम' या रूपापासून धरायची. त्याच्या शेवटचा म बोलण्यातून फार लवकर गळाला होता. आता पोटच्या भाषांत काय उरले ते पाहा. इटालियनमध्ये 'क्यावे', फ्रेंचमध्ये 'क्ले', कॅटलानमध्ये 'क्लाऊ', रोमानियनमध्ये 'केये', सार्डिनियाच्या बोलींत 'क्राए', ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भाषेत 'क्लाफ', स्पॅनिशमध्ये 'ल्याबे' (बहुतेक स्पॅनिशभाषक आज 'याबे' म्हणतात), आणि पोर्तुगीजमध्ये मूळचे 'चावे'. ऐकणाऱ्याला यांचे नाते सहज कळणार नाही, इतकी ही रूपे पांगलेली आहेत. तरीही प्रत्येक रूप आपापल्या भाषेच्या नियमाला धरून आहे.

खरी गोष्ट घडली ती 'क्ल' या जोडाक्षरात. व्यंजनाला चिकटलेला ल बोलताना टाळूकडे सरकला आणि जवळजवळ 'ल्य' झाला. इटालियनने त्यातला ल टाकून य ठेवला, म्हणून 'क्यावे'. स्पॅनिशने उलट पुढचा क टाकला आणि 'ल्य' ठेवला. पोर्तुगीजमध्ये दोन्ही एकमेकांत विरघळून च झाला. हे एकट्या क्लाविसपुरते असते तर योगायोग म्हणता आले असते; पण लॅटिनचे शब्दारंभीचे क्ल, प्ल आणि फ्ल हे तिघेही याच वाटेने गेले आहेत. 'भरलेला' या अर्थाचा 'प्लेनुस' इटालियनमध्ये 'प्येनो', स्पॅनिशमध्ये 'ल्येनो' आणि जुन्या पोर्तुगीजमध्ये 'चेयो' होतो. 'फ्लाम्मा' म्हणजे ज्वाळा. तिची रूपे 'फ्याम्मा', 'ल्यामा' आणि 'चामा'. पाऊस, रडणे, हाक मारणे या अर्थांच्या शब्दांतही हेच दिसते. ध्वनी बदलतात तेव्हा ते शब्दाचा अर्थ पाहत नाहीत, आणि त्यामुळेच या शास्त्राला शास्त्र म्हणता येते.

फ्रेंचने 'क्ल'ला हात लावला नाही, पण स्वर बदलला. लॅटिनमधला आघातयुक्त मोकळा आ (ज्यावर जोर पडतो आणि ज्याला पुढचे व्यंजन त्याच अवयवात जोडलेले नसते असा) फ्रेंचमध्ये ए होतो: 'मारे' म्हणजे समुद्र, त्याचा 'मेर' झाला. तसाच 'क्लावेम'चा 'क्लेफ' झाला आणि शब्दाच्या टोकाला आलेला व फ बनला. पुढे तो फ बोलण्यातून गेला, लिहिण्यात मात्र रेंगाळला. आजही फ्रेंच माणूस हा शब्द फ सह किंवा फ वगळून, दोन्ही प्रकारे लिहू शकतो आणि वाचतो मात्र 'क्ले'च.

आता च आणि श यांचा प्रश्न. मध्ययुगीन पोर्तुगीजमध्ये सी-एच या अक्षरजोडीचा उच्चार च होता आणि श साठी एक्स हे निराळे अक्षर होते. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण पोर्तुगालात, म्हणजे लिस्बनच्या बाजूला, च झिजून श होऊ लागला. पुढे तोच उच्चार प्रमाण ठरला आणि दोन वेगळी लिपिचिन्हे एकाच ध्वनीची वाहक बनली. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली, वसई त्यांच्या ताब्यात गेली १५३४ साली. या सगळ्या बदलाच्या कितीतरी आधी. त्यांच्याबरोबर आलेला शब्द 'शावे' नव्हता, 'चावे' होता. पुढे लिस्बनने आपला उच्चार बदलला, आपण तो बदलण्याचे काही कारण नव्हते.

याचा पुरावा आपल्या नकाशावरच आहे. चौल, चांदर, चोडण या गावांची नावे पोर्तुगीजांनी सी-एचने लिहिली. त्यांच्या तोंडी सी-एच म्हणजे श असता, तर आपला च त्यांनी त्या अक्षरांनी दाखवलाच नसता. रोमी लिपीत कोंकणी लिहिण्याची जी पद्धत त्या काळच्या मिशनऱ्यांनी घालून दिली, तिच्यात सी-एच म्हणजे च आणि एक्स म्हणजे श, आणि गोव्यातली रोमी कोंकणी आजही तशीच लिहिली जाते. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमी लिपीत छापले गेले, ते याच जुन्या उच्चाराच्या जमान्यात. गोव्याच्या बाजारातला 'चोरीस', म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घ्या: लिस्बनमध्ये त्याचे नाव आज श ने सुरू होते, मडगावात च ने.

मराठीत तालव्य आणि दंततालव्य असे दोन च आहेत, मग त्यांतला कोणता, असे कोणी विचारील. इथे त्याने फरक पडत नाही. दोन्ही च उच्चारताना जीभ आधी वाट अडवते आणि मग सोडते. श मध्ये वाट अडतच नाही. लिस्बनने जो गमावला तो हा अडथळा, आणि तो आपल्या दोन्ही च मध्ये शाबूत आहे.

आणखी एक बाब मराठी वाचकाला इतर कोणापेक्षा लवकर कळेल. स्पॅनिशमध्ये 'याबे'च्या जोडीला 'क्लाबे' असाही शब्द आहे आणि तोही क्लाविसचाच. पहिला लोकांच्या तोंडातून झिजत आला, दुसरा विद्वानांनी पोथीतून उचलला. म्हणजे 'याबे' तद्भव आणि 'क्लाबे' तत्सम. कामाची वाटणीही आपल्यासारखीच झाली आहे: दाराची असते ती 'याबे', आणि सांकेतिक लिपीची, पासवर्डची किंवा स्वरलेखनातली असते ती 'क्लाबे'. पोर्तुगीजमध्ये तर मधली पायरीही सापडते. 'चावे' तद्भव, स्वरलेखनातला 'क्लावि' तत्सम, आणि तंतुवाद्याच्या खुंटीला म्हणतात तो 'क्रवेल्या' अर्धतत्सम. त्यात 'क्ल'चा 'क्र' झाला, पण च पर्यंत मजल गेली नाही. तत्सम, अर्धतत्सम आणि तद्भव ही आपल्या व्याकरणाची परिभाषा लॅटिनच्या कुटुंबाला इतकी नेमकी बसते, की ती तिकडच्या अभ्यासकांनी उसनी घ्यावी असे मला वाटते.

अर्थाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर इथल्या जाणकारांनी भर घालावी. क्लाविसचे ग्रीक भावंड 'क्लेइस'. खिळा या अर्थाचा लॅटिन 'क्लावुस' आणि बंद करणे या अर्थाचा 'क्लाउदेरे' हेही त्याच घरातले. रशियन 'क्ल्यूच' आणि जर्मन 'श्ल्युसेल' यांचाही संबंध याच मुळाशी जोडला जातो. या मुळाचा सर्वांत जुना अर्थ आकडा किंवा खुंटी असा लावतात, आणि प्राचीन दारे पाहिली की तो पटतो. होमरच्या 'ओडिसी'त पेनेलोपी कोठार उघडते तो प्रसंग आठवा. तिच्या हातात वाकवलेली, हस्तिदंती मुठीची कांस्याची किल्ली आहे. ती आधी दाराची वादी सोडते, मग नेम धरून किल्ली आत घालते आणि आतले अडसर मागे ढकलते. ती किल्ली म्हणजे दाताखाचा असलेला तुकडा नव्हे, अडसराला भिडणारा लांब आकडा आहे. कॅटलानमध्ये हे जुने नाते अजून उघडे दिसते: 'क्लाऊ' स्त्रीलिंगी असेल तर चावी आणि पुल्लिंगी असेल तर खिळा.

खाडीपलीकडे

लेख आवडला. एक शंका आहे. कुलपे आणि किल्ल्या पोर्तुगीज येण्याआधीही आपल्याकडे होत्याच. मग नवा शब्द घेण्याची गरज काय पडली? 'चावी कुलपाला चावते' अशीही एक व्युत्पत्ती मी ऐकली आहे. ती कितपत ग्राह्य धरावी?

उंबरठा (धागाकर्ता)

'चावते' ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी टिकत नाही. ती खरी मानली, तर बंगाली, कन्नड आणि मल्याळममध्ये जवळजवळ हाच शब्द याच अर्थाने कसा पोचला, हे वेगळे सांगावे लागेल. तिथे मराठी 'चावणे' नाही. पोर्तुगीज मात्र या सगळ्या किनाऱ्यांवर होते.

राहिली गरज. उसना शब्द घेण्यासाठी वस्तू नवी असावी लागते, हा समज मला मान्य नाही. आपण चावी ज्यात घालतो ते 'कुलूप' तरी कुठे आपले आहे? ते अरबी 'कुफ्ल'. फारसीतून आले, वाटेत ल आणि फ यांनी जागा बदलल्या आणि फ चा प झाला. देशी 'टाळे' तेव्हाही होते आणि आजही आहे. त्यामुळे 'कुलूप-चावी' या रोजच्या जोडीत अरबी आणि लॅटिन शेजारी नांदतात. आपणही शब्द निर्यात केले आहेत: संस्कृत 'कुञ्चिका' हिंदीत 'कुंजी' झाली आणि समुद्रापलीकडे जाऊन मलय भाषेत 'कुंची' होऊन बसली, अर्थ तोच, किल्ली.

जुडगा

धागाकर्त्यांनी खुंटी या मूळ अर्थाचा उल्लेख केला आणि 'किल्ली'कडे वळले नाहीत, म्हणून लिहिते. 'किल्ली' हीसुद्धा संस्कृत 'कील' या शब्दाची वंशज आहे, आणि कील म्हणजे खुंटी, पाचर. हिंदीत 'किल्ली'ला हा जुना अर्थ अजून आहे. दिल्लीच्या लोहस्तंभाची दंतकथा त्यावरच उभी आहे: तोमर राजाने शेषाच्या मस्तकात रोवलेली किल्ली संशयापोटी उपटून पाहिली, पुन्हा रोवली तेव्हा ती ढिली राहिली, आणि 'ढिल्ली'वरून नगराचे नाव पडले म्हणतात. दंतकथा म्हणून ती सोडून द्यावी, पण त्या कथेत किल्ली म्हणजे दार उघडायची वस्तू नाही, जमिनीत ठोकलेली मेख आहे, हे पाहण्यासारखे आहे. म्हणजे लॅटिन आणि मराठी या दोघींनी एकमेकींना न विचारता, खुंटीवरूनच किल्लीला नाव दिले.

दुसरे असे की, रोममध्ये किल्ली घरधनिणीच्या हाती असे. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये मार्क अँटनीवर केलेल्या टीकेत, त्याने आपल्या नटी असलेल्या मैत्रिणीशी काडीमोड घेतला त्याची खिल्ली उडवताना म्हटले आहे, की त्याने बारा पाट्यांच्या कायद्याप्रमाणे तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि तिला घराबाहेर काढले. हा कायदा इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यातला. किल्ल्या परत मागणे म्हणजे घटस्फोट, इतका हा संकेत रूढ होता. फेस्तुस या कोशकाराच्या संक्षेपात आणखी एक रीत सांगितली आहे: बाळंतपण सुलभ व्हावे या भावनेने बायकांना किल्ली भेट देत असत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून वावरणारी सासू आणि तो जुडगा ज्या दिवशी सुनेकडे जातो तो दिवस आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रोमन कायद्यातले ते वाक्य मराठी वाचकाला टीपेशिवाय कळावे.

अस्थिपंजर

शरीरशास्त्राच्या बाजूने भर घालतो. खांद्यापासून छातीच्या मध्यापर्यंत जाणारे आडवे हाड, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत जत्रुक म्हणतात, त्याचे लॅटिन नाव 'क्लाविकुला', म्हणजे छोटी किल्ली. ही कल्पना मूळची ग्रीकांची. त्यांचा 'क्लेइस' हा शब्द किल्ली आणि हे हाड अशा दोन्ही अर्थांनी होमरच्याच काळापासून आहे. पेनेलोपीची ती वाकडी किल्ली डोळ्यांपुढे आणली की हाडाचे नाव आपोआप उलगडते, कारण हे हाडही लांब आणि किंचित वळणदार असते. आजच्या चपट्या किल्लीशी त्याचे काहीच साम्य नाही, आणि म्हणून विद्यार्थी गोंधळतात.

खरी करमणूक पुढे आहे. 'क्लाविकुला' हा शब्द वैद्यांनी पोथीत जपला, पण लोकांच्या तोंडी तो झिजतच राहिला. त्यात दोन ल होते. एका शब्दात एकच ध्वनी दोनदा आला की जीभ एखादा टाकते, तसा पहिला ल गळाला. फ्रेंचमध्ये त्याचा 'शव्हीय' झाला आणि इटालियनमध्ये 'कावील्या'. दोन्ही शब्दांचा अर्थ खुंटी, आणि खुंटीसारखे बाहेर आलेले हाड म्हणून पायाचा घोटा. एकाच शब्दाची तत्सम लेक गळ्याखाली आणि तद्भव लेक घोट्यापाशी! स्पॅनिशमध्ये त्याचीच 'क्लाबिखा' झाली. ती गिटारची कान पिळायची खुंटी.

पट्टी काळी एक

स्वरलेखनाचा उल्लेख वर आला आहे, त्यात थोडी भर. मध्ययुगीन युरोपात स्वरांना जी अक्षरे दिली होती त्यांना 'क्लावेस', म्हणजे किल्ल्या म्हणत. स्वरलेखनाच्या सगळ्या रेषांवर अक्षरे न लिहिता एकाच रेषेवर एक अक्षर ठेवले की बाकीचे स्वर त्यावरून उलगडत. तेच चिन्ह फ्रेंच 'क्ले' आणि इटालियन 'क्यावे'. ही नावे पुढे ऑर्गनच्या पट्ट्यांना लागली आणि त्यांतून फ्रेंच 'क्लाव्हिये', क्लाव्हिकॉर्ड वगैरे मंडळी जन्मली. हार्मोनियम आपल्याकडे युरोपातून आली, पण तिच्याबरोबर हा शब्द आला नाही. आपण 'पट्टी' म्हणालो, आणि गायकाने 'काळी एक' सांगितले की सूर ठरतो. चावीचे हे अर्थ मराठीत उतरले नाहीत, याची नोंद असावी.

चाळकरी

मराठीत कोणते अर्थ उतरले, तेही मग पाहायला हवे. घड्याळाला आपण चावी देतो. भांडणात कोणीतरी 'चावी फिरवतो'. आणि मुंबईत पाणी येते ते चावीवाल्याच्या कृपेने. ज्यांनी हा माणूस पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तो भल्या पहाटे येतो, रस्त्यातले लोखंडी झाकण आकड्याने उचलतो, खांद्यावरची कमरेइतकी उंच लोखंडी कांब खड्ड्यात सोडतो आणि तिचे खालचे चौकोनी तोंड व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसले की वरची आडवी मूठ दोन्ही हातांनी फिरवतो. ही कांब म्हणजे चावी. खड्ड्यातल्या व्हॉल्व्हलाही चावीच म्हणतात, आणि 'आज चावी उशिरा सोडली' हे वाक्य आमच्या वाडीत पावसाच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा ऐकू येते.

स्पॅनिशमध्येही 'याबे' म्हणजे पाण्याचा नळ किंवा त्याचा व्हॉल्व्ह असा अर्थ आहे, असे वाचले आहे. मग हा अर्थ पोर्तुगीजांबरोबर आला असेल का?

उंबरठा (धागाकर्ता)

आपण वाचले ते बरोबर आहे. रोमान्स भाषांत चावीचा अर्थ हत्यारापर्यंतही गेला आहे. नट पिळायच्या पान्ह्याला पोर्तुगीजमध्ये चावीच म्हणतात, स्क्रूड्रायव्हरही त्याच शब्दाने सुरू होतो, आणि सरकता जबडा असलेल्या पान्ह्याला इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा चारही भाषा 'इंग्रजी चावी' म्हणतात. फिरवून मोकळे करायचे किंवा आवळायचे ते सगळे चावी, असा तो विस्तार आहे.

पण मराठीतली पाण्याची चावी त्यातून आली, असे मला वाटत नाही. दाबाने वाहणाऱ्या पाण्याचे नळ आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह मुंबईत एकोणिसाव्या शतकात आले, वसईतली पोर्तुगीज सत्ता चिमाजी अप्पांनी १७३९ सालीच संपवलेली होती. चावीवाल्याच्या हातातली वस्तू कुलपाच्या चावीसारखीच आत बसते आणि फिरते. ते पाहून कोणीही हेच नाव दिले असते. स्पेन आणि मुंबई यांची इथे निव्वळ गाठ पडली आहे.

अर्थविस्ताराचे सर्वांत अनपेक्षित उदाहरण रोमानियनचे. तिथे 'केये' म्हणजे चावी, आणि तिचे अनेकवचन 'केय' हे डोंगरातल्या अरुंद घळीचे नाव आहे. कार्पेथियन डोंगरांतली बिकाझची घळ आणि ट्रान्सिल्व्हेनियातली तुर्दाची घळ यांच्या नावांत हाच शब्द आहे. खिंड ही मुलखाची चावी, ही जाणीव सह्याद्रीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

दमणगंगा

'एन्क्लेव्ह' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून गेला आणि त्याच्या पोटातही क्लाविस आहे: किल्ली लावून आत कोंडलेले. दादरा आणि नगर हवेली ही याची आपल्या शेजारची उदाहरणे. मराठ्यांनी १७७९ च्या तहानुसार या परगण्यांचा महसूल पोर्तुगीजांना दिला आणि पुढे ते त्यांचे प्रदेशच होऊन बसले. १९५४ साली स्वयंसेवकांनी ते मुक्त केले, तेव्हा पोर्तुगालने दमणहून तिथे जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय न्यायालयात मागितला. १९६० च्या निकालपत्रात या प्रदेशांना वारंवार 'एन्क्लेव्ह' म्हटले आहे. नागरी अधिकारी, खासगी व्यक्ती आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्याला नव्हता, आणि भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरवले.

पोप निवडतात ती 'कॉन्क्लेव्ह' याच घराण्यातली. लॅटिन 'कोंक्लावे' म्हणजे कुलूप घालता येईल अशी खोली. १२६८ च्या नोव्हेंबरात पोप चौथे क्लेमेंट वारले आणि वितेर्बो गावी कार्डिनलांची निवडसभा जवळजवळ तीन वर्षे चालली. वैतागलेल्या गावकऱ्यांनी त्यांना कोंडले, शिधा तोडला आणि अखेर छप्परही काढले. १२७१ मध्ये निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरींनी १२७४ च्या ल्योन परिषदेत कोंडून घेण्याचा नियमच करून टाकला.

पोर्ट लुईकर

मॉरिशसमधून लिहितो. आमच्या घरात आजीकडून आलेल्या मराठीत 'चावी' आहे आणि बाहेर क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या इथल्या भाषेत, 'लाक्ले'. फ्रेंचमध्ये 'ला' हे स्त्रीलिंगी उपपद वेगळे असते, क्रिओलने ते शब्दाला कायमचे शिवून टाकले. धागा वाचेपर्यंत हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन रूपाचे आहेत हे लक्षात आले नव्हते.

खाडीपलीकडे

उत्तर पोर्तुगालात च टिकून आहे, असे एका ठिकाणी वाचले. तिथे 'चावेस' नावाचे गावही आहे. चाव्यांचे गाव म्हणायचे का?

उंबरठा (धागाकर्ता)

च टिकला आहे, हे खरे. ईशान्य कोपऱ्यातल्या त्राज-उश-मोंतेश भागात जुन्या पिढीच्या बोलीत च आणि श अजून वेगळे आहेत. आणि चावेस त्याच भागात आहे, म्हणजे आपल्या गावाचे नाव तिथली म्हातारी माणसे आपल्यासारखेच च ने घेतात. पण चाव्यांशी त्या गावाचा संबंध नाही. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि रोमन काळात त्याचे नाव 'आक्वाए फ्लावियाए' होते, म्हणजे फ्लावियस घराण्यातल्या सम्राटाच्या नावाने ओळखले जाणारे पाणी. 'फ्ल'चा च झाला, वर सांगितलेल्या नियमाने, आणि फ्लावियसांचे गाव चाव्यांसारखे दिसू लागले.

जुडगा

एक शेवटचा प्रश्न. मराठी आणि गुजरातीत 'चावी', मग हिंदी आणि उर्दूत 'चाबी' का?

उंबरठा (धागाकर्ता)

बंगालीत व आणि ब हे एकच अक्षर आणि एकच उच्चार आहे, त्यामुळे तिथे 'चाबि' होणे अटळ होते. हुगळीला पोर्तुगीजांची मोठी वसाहत होती, ती १६३२ साली शाहजहानच्या फौजेने मोडली. उत्तर भारताला हा शब्द पश्चिम किनाऱ्यापेक्षा बंगालच्या बाजूने मिळाला असावा, असा माझा कयास आहे. पण हिंदी स्वतःही कितीतरी जुन्या शब्दांत व चा ब करते, म्हणून केवळ ब वरून निकाल देता येणार नाही. दक्षिणेत कन्नड आणि मल्याळम यांनी व राखला. तमिळमध्ये 'सावि' असे म्हणतात, आणि ते लिस्बनच्या 'शाव्'कडे झुकलेले वाटू शकते. तसे समजू नये. तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा च बहुधा स सारखाच बोलला जातो, मग शब्द कुठूनही आलेला असो. त्यामुळे च की श, या वादात तमिळची साक्ष काढता येत नाही. मल्याळममधल्या 'चावि'ची काढता येते.